वहीतला दसरा

गडचांदूरला आम्ही ज्यांच्या घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहिलो, त्या भाऊंच्या अख्ख्या घरात एक खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं. भिंतीवर लावायचं घड्याळ फळीवर टेकवून ठेवलेलं. दोन-चार दिवसांनी ते घसरून उताणं पडायचं आणि भाऊ त्याला पुन्हा उठवून बसवायचे. शर्ट सायकलच्या हँडलवर, छत्री दाराच्या कडीला. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर एका सागवानी टेबलावर, मागे पाठीला आधार म्हणून जाड फळी. तसबीर भिंतीवर टांगायची असते असं कुणी म्हटलं, तर भाऊ म्हणायचे, "बसले हायेत ते चांगले. टांगता कायले?"

घर पाहायला गेलो त्या दिवशी त्यांनी नळ दाखवला, मोरी दाखवली, मागचं लिंबाचं झाड दाखवलं, आणि शेवटी हॉलच्या भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला आहे हे तोवर त्यांना सांगून झालं होतं.

"बाकी सारं तुमचंच समजा, डाक्टर," ते म्हणाले. "सुई तेवढी ढोरायलेच देत जा. ह्या भितीले नाई."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे, हे मी त्यांना पहिल्या महिन्यात तीन-चारदा समजावलं. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा डाक्टर म्हणायचे. मग मीही सोडून दिलं. चार वर्षं मी त्या घरात डाक्टर होतो.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तोपर्यंत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. बाबांच्या सामानात तुमचा नंबर आत्ता सापडला, म्हणून उशीर झाला, असं ती म्हणाली. तिला माझ्याशी आणखी काही बोलायचं नव्हतं. मला मात्र फोन ठेववेना.

भाऊंची सारी नोकरी चुनखडीच्या खाणीत गेली. ते ड्रिलर होते. डोंगराला ओळीने खोल भोकं पाडायची, त्यात दुसऱ्यांनी बारूद भरायची, तिसऱ्यांनी उडवायची. तीस वर्षं हेच. त्यात उजवा कान गेला. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला बसावं लागे, आणि नवा माणूस उजवीकडे बसला, तर ते काही न बोलता उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे. पाहुण्यांना वाटायचं, आपलं काही चुकलं.

खाणीत रोज दुपारी स्फोट व्हायचा. आधी भोंगा वाजायचा, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पायाखालून काहीतरी सरकून गेल्यासारखं व्हायचं आणि मांडणीवरची भांडी वाजायची. गावाला त्याची सवय होती. भाऊंना नव्हती. भोंगा झाला की ते जिथे असतील तिथली भिंत गाठायचे. घरी असले तर घराची, किराण्याच्या दुकानात असले तर दुकानाची. भिंतीवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. आमची पोरगी तेव्हा अडीच वर्षांची. तीही त्यांच्या शेजारी, पोहोचेल तिथे, दोन्ही हात लावून उभी राहायची आणि एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहायची.

स्फोट झाला की भाऊ खिशातून वही काढायचे. लांबट, पुठ्ठ्याची वही. त्यात तारीख, वेळ आणि हादरा कसा होता ते लिहायचे. त्यांची चारच मापं होती: बारका, मधला, भारी, लय भारी. ज्या दिवशी काही झालं नाही, त्या दिवशी "काई नाई" असं लिहायचे. तेही न चुकता. दहा वर्षांच्या वह्या त्यांच्याकडे होत्या.

आणि भिंतींवर काचपट्ट्या होत्या. जिथे जिथे तडा गेलेला, तिथे त्यांनी काचेची बोटभर रुंद पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की बसवलेली. तडा वाढला की काच तुटते. खाणीत एका इंजिनियरने त्यांना हे शिकवलं होतं म्हणे. आमच्या हॉलमध्ये तशा दोन होत्या. माझ्या बायकोला त्यांचा राग यायचा. भिंतीला पट्ट्या बांधल्यासारखं दिसते, लोक विचारतेत काय झालं म्हणून, असं ती म्हणायची. भाऊ दर आठवड्याला येऊन पट्ट्या पाहून जायचे. येताना दारातून "येऊ का?" विचारायचे. स्वतःच्याच घरात.

वस्तीत आधी त्यांची चेष्टा व्हायची. मग वस्तीतल्या बऱ्याच घरांना तडे गेले, एका घराची पडवीची भिंत बसली, आणि लोकांनी अर्ज केला, की स्फोट लहान करा. खाणवाले म्हणाले, तडे तुमच्या बांधकामामुळे आहेत, आमच्यामुळे नाहीत. तेव्हा लोकांना भाऊंच्या वह्या आठवल्या. दहा वर्षांत भाऊंच्या घरातल्या तीन पट्ट्या तुटल्या होत्या आणि तिन्ही "लय भारी"च्या दिवशी. वस्तीचे पुढारी येऊन सांगून गेले, की भाऊ, आता सारं तुमच्या वहीवर आहे. भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "जे हाय ते लिवलं हाय. तुमच्यासाठी जास्त नाई लिवनार आन त्यायच्यासाठी कमी नाई."

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की भाऊ, एका खिळ्याने काय होतं? त्या दिवशी ते अंगणात बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "लोकायले वाटते दगड बारुदीनं फुटते. बारुदीनं नाई फुटत, डाक्टर. भोकानं फुटते. बारूद त मागून येते. म्या लय भोकं पाडली. आता एक बी नाई."

मग सुपारीचे तुकडे डबीत भरत त्यांनी सांगितलं, की या घराच्या साऱ्या विटा बायकोने डोक्यावर वाहून आणल्या. पैसा पुरला नाही म्हणून भिंती जाड करता आल्या नाहीत, साडेचार इंचाच्याच ठेवल्या. ती घरात राहायला आली आणि दुसऱ्या वर्षी गेली. एवढं बोलून ते उठून आत गेले.

आता टीव्हीचं सांगतो.

आमच्याकडे जुना, लहान टीव्ही होता, टेबलावर ठेवलेला. पोरीने एक दिवस टेबलावरचं कापड ओढलं आणि टीव्ही तिच्या पायापासून वीतभर अंतरावर येऊन पडला. सुदैवाने दोघांनाही काही झालं नाही. बायको घाबरली. म्हणाली, टीव्ही भिंतीवर लावा, नाहीतर विकून टाका. मी भाऊंना विचारायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पोरीचा पाय हातात घेऊन पाहिला, आणि घरात जाऊन काथ्याचा दोर घेऊन आले. त्या दोराने त्यांनी टीव्ही खिडकीच्या गजाला बांधला. मागून एक वेढा, खालून एक, पुढे पडदा दिसेल अशी फट, आणि शेवटी एक गाठ, जी मला कितीही प्रयत्न करून सोडता आली नाही. पोरीला उचलून त्यांनी तिच्या हाताने टीव्ही ओढायला लावला. ती लोंबकळली तरी टीव्ही हलला नाही.

"झालं," ते म्हणाले. "पोरगी बी वाचली, भित बी वाचली."

आणि खरंच त्यानंतर तो टीव्ही कधी पडला नाही. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला तो दोर सहन व्हायचा नाही. गोठ्यात बैल बांधावा तसा टीव्ही. गणपतीत चंद्रपूरहून साडू आले. सोफ्यावर बसले, टीव्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "काऊन जी, पळून जाते काय हा?" सगळे हसले. बायकोही हसली. मी पण हसलो. रात्रीचं जेवण मला गेलं नाही. साडूंच्या घरी भिंतीवर मोठा टीव्ही होता, खालून निळा दिवा लावलेला. पोरीच्या सुरक्षिततेचं मी नंतर सगळ्यांना सांगायचो, पण ते कारण नव्हतं. कारण साडूंचं ते वाक्य होतं.

मी त्रेचाळीस इंची टीव्ही घ्यायचं ठरवलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर. दसरा यासाठीही, की त्या दिवशी भाऊ घरी नसतात हे मला माहीत होतं. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी ते आदल्या दिवशीच्या एसटीने नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत यायचे. मी मनाशी म्हणत होतो, की एकदा लावून झाला की काढा म्हणणार नाहीत. चार दिवस रागावतील.

निघायच्या आधी भाऊ आमच्या दारात आले. पांढरा शर्ट, खांद्यावर पिशवी. हातात वही.

"डाक्टर, दोन दिवस हे तुमी लिवा," ते म्हणाले. "दरवर्सी मी नसतो तवा पान कोरं राह्यते. औंदा कोरं नोको. लोकायचं काम हाय."

मी विचारलं, काय लिहायचं? ते म्हणाले, ते मी सांगणार नाही. ऐकाल ते लिहा, काही झालं नाही तर काई नाई लिहा. त्यांनी वही माझ्या हातात दिली, आणि पेनही दिलं. माझ्या खिशाला पेन होतं तरी.

दसऱ्याला सकाळी दुकानाची गाडी टीव्ही घेऊन आली. बसवायला एक पन्नाशीचे गृहस्थ आले होते. त्यांनी खोका उघडायच्या आधी भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं, दोन-तीन ठिकाणी. म्हणाले, "साहेब, दिवार पतली हाय. आन बाजूले क्रॅक हाय. टेबलावर ठेवा ना." मग काचपट्टीकडे बोट करून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, काही नाही, घरमालकांची हौस. त्यांनी विचारलं, मालकाला विचारलं काय? मी हो म्हटलं. इतक्या पटकन, की बायकोने स्वयंपाकघरातून वळून पाहिलं.

ड्रिल सुरू झालं तेव्हा पोरगी भिंतीकडे धावली आणि दोन्ही हात टेकवून उभी राहिली. बायकोने तिला उचलून नेलं. पहिलं भोक नीट पडलं. दुसऱ्याला वीट पोकळ लागली आणि प्लास्टरचा तुकडा उडाला, म्हणून त्यांनी थोडं बाजूला सरकून तिसरं घेतलं. चौथ्या भोकाच्या वेळी तट्ट असा आवाज झाला. लहानसा. ड्रिलच्या आवाजातही ऐकू आला. त्या गृहस्थांनी ड्रिल थांबवलं आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी पट्टीकडे पाहिलं. काच मधोमध तुटली होती.

ते म्हणाले, "बस करू काय?"

मी म्हटलं, आता एवढं झालंच आहे तर लावून टाका.

टीव्ही लागला. छान दिसत होता. बायकोने त्याला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली. दुपारी आम्ही जेवलो, झोपलो, संध्याकाळी सोनं वाटायला गेलो. वही टेबलाच्या खणात होती.

दुसऱ्या दिवशी भाऊंची एसटी यायच्या तासभर आधी मला वही आठवली. बसलो लिहायला. आजचा स्फोट ऐकला होता, तो मधला होता, तो लिहिला. मग आदल्या दिवसाची ओळ राहिली. पट्टी कशाने तुटली हे लिहायचं, तर ड्रिलचं लिहावं लागणार होतं. भोकं तर दिसणारच होती. पण भोकांनी भिंत तडकली हे एवढं सोडून बाकीचं मी कबूल करायला तयार होतो. मी लिहिलं: दुपारी, लय भारी, हॉलमधली पट्टी तुटली. अक्षर नेहमीपेक्षा नीट काढलं.

बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "जे झालं ते सांगून टाका ना. भाऊ काई मारनार नाई तुमाले." मी म्हटलं, तुला कळत नाही, मध्ये बोलू नको.

भाऊ आले. "येऊ का?" विचारून आत आले. पोरीला नागपूरहून आणलेली शिटी दिली. मग त्यांनी टीव्ही पाहिला. बराच वेळ पाहिला. जवळ जाऊन बोल्टच्या भोवती बोट फिरवलं, फुकट गेलेल्या भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं. मी काहीबाही बोलत होतो, पोरीचं, सणाचं, दुकानातल्या ऑफरचं. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा होतो, हे नंतर लक्षात आलं.

"सांगून केलं असतं त मी धरून उभा राह्यलो असतो," ते म्हणाले. एवढंच. मग पट्टी पाहिली. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ओळीकडे पाहिलं. वही बंद करून खिशात ठेवली आणि पेन मागितलं. मी पेन दिलं. ते गेले.

मला वाटलं, सुटलो.

दिवाळीनंतर सुनावणी होती, वस्तीतल्या शाळेच्या खोलीत. तालुक्याचे एक अधिकारी येणार होते आणि खाणीकडून एक इंजिनियर. सकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात आले. म्हणाले, "डाक्टर, तुमी चाला संगं. शिकला माणूस जवळ असला त बरं राह्यते." मी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली. वह्यांची पिशवी मीच उचलली.

खोली भरली होती. लोक खिडक्यांतून पाहत होते. इंजिनियर तरुण होता आणि चांगला बोलणारा होता. त्याने वह्या अदबीने हातात घेतल्या. चाळता चाळता म्हणाला, की इतकी नियमित नोंद मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. भाऊंनी मान खाली घातली. वस्तीचे लोक एकमेकांकडे पाहून हसले. मग इंजिनियरने शेवटची वही घेतली, स्वतःच्या फायलीतला तक्ता शेजारी ठेवला आणि तारखा ताडून पाहू लागला. दहा-बारा पानं बरोबर जुळली. एका पानावर त्याचं बोट थांबलं.

"या दिवशी इथे लय भारी लिहिलंय," तो म्हणाला. "पट्टी तुटली असंही आहे. पण या दिवशी खाण बंद होती. दसरा होता. मशिनींची पूजा असते, स्फोट होत नाही."

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. चार वर्षं मी त्या भोंग्याखाली राहिलो होतो, आणि एक दिवस तो वाजला नाही हे मला कळलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी वही हातात घेतली. म्हणाले, इथे अक्षरही वेगळं दिसतं. हे कुणी लिहिलं?

भाऊ उभे राहिले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दारात उभं राहून "येऊ का?" विचारताना पाहायचे, तसं. मी माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत राहिलो. पिशवीच्या बंदाचा एक धागा निघालेला होता, तो मला अजून दिसतो.

"वही माही हाय," भाऊ म्हणाले. "त्यात जे हाय ते माहंच हाय."

"पण त्या दिवशी तुम्ही इथे होता का?"

"वही माही हाय, साहेब."

ते दसऱ्याला नागपूरला असतात हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. मागून कुणीतरी पुटपुटलं. इंजिनियर अजूनही नम्रच होता. तो एवढंच म्हणाला, की मग बाकीच्या नोंदी धरायच्या कशा, ते तुम्हीच सांगा. अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिलं. पंधरा दिवसांनी वस्तीला कागद आला, की सादर केलेल्या नोंदी विश्वासार्ह नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

ज्या घराची पडवी बसली होती ती बाई भाऊंच्या फाटकाशी येऊन बोलून गेली, की दहा वर्षं काच चिकटवत बसले आणि आमचं काम मात्र बुडवलं. भाऊंनी ऐकून घेतलं. ती डाव्या बाजूलाच उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची पट्टी घेऊन घरातल्या साऱ्या काचा खरवडून काढल्या. आमच्याकडेही आले. टीव्ही चालू होता. बायकोने तो बंद केला. त्यांनी दोन्ही पट्ट्या काढल्या, खाली पडलेली काच स्वतः झाडून गोळा केली, आणि मग ओल्या फडक्याने फरशी पुसली, पोरीच्या पायाला लागू नये म्हणून. त्या दुपारी भोंगा झाला तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. बसूनच राहिले. पोरगी भिंतीशी हात टेकवून उभी होती आणि त्यांच्याकडे पाहत होती.

त्यांनी आम्हाला घर सोडा म्हटलं नाही. बोलणं बंद केलं नाही. भाजी जास्त झाली की वाटी यायची. मला त्याचाच त्रास व्हायचा. बायको माझ्याशी सुनावणीबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त टीव्ही लावणं तिने कमी केलं.

तीन आठवडे मी असेच काढले. एका रविवारी सकाळी भाऊ अंगणात सायकल उलटी करून चाकाला तेल देत होते. मी जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं, "भाऊ, ती पट्टी माह्या ड्रिलनं फुटली. वहीत मी खोटं लिवलं."

"मालूम हाय," ते म्हणाले. चाक फिरत होतं.

"कवापासून?"

"नागपूरवरून आलो तवापासून. दसऱ्याले भोंगा नाई वाजत, डाक्टर. तीस वर्सं त्या दिवशी मी ड्रिलले हार घातला हाय."

मी विचारलं, "मंग ते पान घेऊन सुनावणीले गेले काऊन? फाडून टाकाचं होतं. मले विचाराचं होतं."

त्यांनी चाक हाताने थांबवलं.

"फाडलं असतं त मंग ती वही कायची?" ते म्हणाले. आणि मग, "तुमी संगं होता. मले वाटलं, तिथं तरी तुमी सांगान."

मग म्हणाले, जरा सायकल धरा. मी धरली. त्यांनी ती सरळ उभी केली, हात पुसले आणि शर्ट घालून बाजाराला निघून गेले.

त्याच दिवशी मी ठरवलं होतं, की तालुक्याला अर्ज लिहायचा. त्या एका दिवसाची नोंद माझी आहे, खोटी आहे, बाकीच्या दहा वर्षांच्या नोंदी भाऊंच्या आहेत आणि खऱ्या आहेत. तीन ओळींचं काम. भीती वाटली म्हणून लिहिला नाही असं म्हटलं तर बरं दिसेल. पहिले काही दिवस भीती होती, सरकारी नोकरी आहे, चौकशी लागेल. पण नंतर भीतीही नव्हती. नंतर नुसतं राहून गेलं. उन्हाळ्यात माझी धानोऱ्याला बदली झाली. टीव्ही काढला तेव्हा मी भोकं सिमेंटने भरायला निघालो, तर भाऊ म्हणाले, राहू द्या, मी भरतो, तुमाले जमणार नाही. निघताना त्यांनी पोरीला उचलून घेतलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, येत जा. मी पाच वर्षांत एकदाही गेलो नाही. दोनदा चंद्रपूरपर्यंत गेलो होतो.

त्यांच्या मुलीच्या फोननंतर मी रजा टाकली, अर्ज लिहिला आणि तालुक्याच्या कार्यालयात गेलो. आवक-जावक सांभाळणारी मुलगी टेबलाशी होती. तिने कागद दोनदा वाचला.

"यात मागणी काय आहे तुमची?"

मी म्हटलं, मागणी नाही. एक नोंद दुरुस्त करायची आहे.

"ज्यांची वही आहे ते स्वतः नाही आले?"

"ते वारले."

तिने कपाटात पाहिलं, संगणकात पाहिलं. म्हणाली, ते प्रकरण तर कधीच बंद झालं, त्याची फाईल आता इथे नाही, हा कागद मी लावू कुठे? मी म्हटलं, कुठेही लावा, पण ठेवा. मग तिने शिक्का मारला, माझ्या प्रतीवर पोच दिली आणि कागद 'किरकोळ' लिहिलेल्या फायलीत लावला.